कॅम्पर व्हॅनमधली वीज: बॅटरी भरलेली, तरी किटली लावली की इन्व्हर्टर बंद

फिरतं घर
नमस्कार मंडळी. मालवाहू व्हॅनचं राहतं घर करायला घेतलंय. बिछाना, पाण्याची टाकी, छताचा पंखा सगळं मार्गी लागलं, आणि गेले तीन आठवडे मी विजेच्या कामात अडकून पडलेय. शक्य तेवढी माहिती एका दमात देते.

१२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) आहेत, मागच्या बाकड्याखाली. २००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर दाराजवळच्या कपाटात आहे, बॅटरीपासून वायरीने ३ मीटर. वायर १६ स्क्वेअर एमएम. बॅटरीशेजारी २५० अँपिअरचा फ्यूज, त्यापुढे मेन स्विच. निगेटिव्हवर शंट (प्रवाह मोजायची पट्टी) आणि त्याचा मीटर. छतावर २०० वॅटची दोन सौर पॅनेल, पण ती अजून जोडलेली नाहीत.

दिवे, पंप, फ्रिज, लॅपटॉप, कशाचीच तक्रार नाही. पण १२०० वॅटची पाणी उकळायची किटली लावली की आठ-दहा सेकंदांत इन्व्हर्टर पी-पी करतो आणि बंद पडतो. मीटर त्या वेळी बॅटरी ९६ टक्के भरलेली दाखवतो. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी उत्तम, इन्व्हर्टरवाला म्हणतो इन्व्हर्टर उत्तम. आता तिसरी बॅटरी घ्यावी का, या विचारात आहे. ती घेण्याआधी इथे विचारावंसं वाटलं.

जुनी तार
तिसरी बॅटरी अजिबात घेऊ नका. बॅटरीही ठीक असेल आणि इन्व्हर्टरही ठीक असेल. त्या दोघांच्या मधल्या ३ मीटरची चौकशी अजून कुणीच केलेली दिसत नाही.

हिशोब बघा. किटलीला १२०० वॅट हवेत. इन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षम धरला तर तो बॅटरीकडून १३३० वॅट मागणार. १२.८ व्होल्टला भागलं की १०४ अँपिअर येतात. हीच किटली घरी २३० व्होल्टवर जेमतेम सव्वापाच अँपिअर घेते. घरच्या वायरिंगची सवय असलेल्या डोळ्यांना १६ स्क्वेअरची वायर जाडजूड वाटते, पण १२ व्होल्टच्या जगात प्रवाह वीसपट असतो. आणि वायरीतलं व्होल्टेज नेमकं प्रवाहाच्या प्रमाणात पडतं.

तांब्याचा रोध काढायचं सोपं सूत्र: ०.०१७५ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले स्क्वेअर एमएम. तुमच्या एका वायरीचे ३.३ मिलिओहम झाले. जाताना आणि येताना धरून ६.६. शंभरच्या वर अँपिअर वाहिले की नुसत्या वायरीतच पाऊण व्होल्टभर जातं. तरीही एवढ्याने इन्व्हर्टर बंद पडू नये. म्हणजे कुठेतरी जोडही वाईट आहे. माझ्या अनुभवात तो असतोच.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि मदतीला एक माणूस घ्या. त्याने किटली लावायची, तुम्ही त्या आठ सेकंदांत वाचन घ्यायचं. आधी बॅटरीच्या दोन खांबांवर, मग पुन्हा किटली लावून इन्व्हर्टरच्या दोन बोल्टांवर. नंतर एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह बोल्टवर. त्या वेळी मीटरवर जे दिसेल, तेवढं व्होल्टेज त्या एका बाजूला वाटेत हरवतंय. निगेटिव्हलाही तसंच. सुई थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) टेकवू नका, खांबाच्या धातूवरच टेकवा, नाहीतर पहिला जोडच मोजमापातून सुटतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण पाना आणि अंगठी मिळून दोन खांब जोडले गेले तर अंगठी बोटातच लाल होते.

रानवाट
मोजण्याआधी तो २५० चा फ्यूज काढा. हे आधी सांगायला हवं होतं म्हणून मध्येच लिहितोय.

इन्व्हर्टर २००० वॅटचा म्हणून तुम्ही २५० घातला असणार. पण फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. १६ स्क्वेअरच्या वायरीतून सतत २०० अँपिअर गेले तर हा फ्यूज शांत बसून राहील आणि प्लायवूडच्या मागे वायरीचं आवरण वितळेल. चाचणीपुरता १२५ चा घाला. आठ-दहा सेकंदांच्या चाचणीला तो पुरतो.

दुसरं म्हणजे फ्यूजचा प्रकार. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो, शॉर्ट झालं तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात. साधा पट्टीचा फ्यूज जळतो, पण जळताना आतमध्ये ठिणगीची कमान तयार होते आणि प्रवाह चालूच राहू शकतो. म्हणून लिथियमच्या मुख्य वायरीवर क्लास टी फ्यूज लावतात, तो २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडतो. घरातल्या एसी विजेची एमसीबीही (आपोआप पडणारा ब्रेकर) इथे चालत नाही. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कमान आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीत तो शून्यावर येतच नाही. ब्रेकर घ्यायचाच असेल तर डीसीसाठी बनवलेला घ्या.

दिवेलागण
वाचतेय. एक शंका: दोन बॅटऱ्यांमधून मुख्य वायरी कुठून काढल्यात? पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही एकाच बॅटरीवरून?

फिरतं घर
रानवाट, फ्यूज आत्ताच काढला. खरंच धन्यवाद, हे कुणी सांगितलं नव्हतं.
दिवेलागण, हो, दोन्ही पहिल्या बॅटरीवरूनच. चुकलं का?

दिवेलागण
चुकलं, पण पाच मिनिटांचं काम आहे. पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि निगेटिव्ह दुसरीवरून, म्हणजे तिरकं. आता दुसऱ्या बॅटरीच्या वाटेत जोडवायरींचा रोध जास्तीचा आहे, म्हणून पहिली जास्त राबते. तिरकं घेतलं की दोघींची वाट सारखी होते. तुमच्या बाबतीत याला वेगळंच महत्त्व आहे. १०० एएचच्या बॅटरीच्या बीएमएसला (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटला) सहसा १०० अँपिअरची सततची मर्यादा असते. पहिलीने सत्तर आणि दुसरीने तीस वाटून घेतले तरी किटली चालेल, पण किटली आणि दुसरं काही एकत्र लावलंत तर पहिलीचा बीएमएस उडेल आणि सगळा भार दुसरीवर पडून तीही उडेल.

पुन्हा जोडण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून घ्या. एक भरलेली आणि एक रिकामी अशा पॅरलल जोडल्या की पहिल्या क्षणी मोठा प्रवाह धावतो.

फिरतं घर
दोन दिवसांनी परत आले. १२५ चा फ्यूज घालून मोजमाप झालं. किटली चालू असताना:

बॅटरीच्या खांबांवर १२.९ व्होल्ट.
इन्व्हर्टरच्या बोल्टांवर १०.९.
पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह १.५, निगेटिव्ह ते निगेटिव्ह ०.५.
शंटवरचा प्रवाह १२२ अँपिअर. जुनी तार यांनी १०४ काढला होता, मग हा जास्त का?

जुनी तार
फार छान मोजलंत. बेरीज तंतोतंत जुळते, १.५ अधिक ०.५ म्हणजे २ व्होल्ट, तेवढीच वरच्या दोन वाचनांतली तफावत.

प्रवाह जास्त आहे कारण इन्व्हर्टरला १३३० वॅट कसेही करून हवेत. व्होल्टेज कमी मिळालं की तो अँपिअर वाढवून घेतो. अँपिअर वाढले की वायरीत आणखी व्होल्टेज पडतं. बऱ्याच इन्व्हर्टरची खालची मर्यादा ११ च्या आसपास असते, तिच्या खाली तुम्ही गेलात म्हणून पी-पी.

निगेटिव्हचा अर्धा व्होल्ट समजण्यासारखा आहे, ०.४ वायरीत आणि उरलेला जोडांत. पॉझिटिव्हची वायर तेवढीच लांब, म्हणजे तिचेही ०.४. फ्यूज आणि स्विच मिळून ०.२ धरा. मग ०.९ व्होल्ट कुठल्यातरी एकाच जोडात हरवतंय. आता पॉझिटिव्ह बाजूला तुकड्यातुकड्याने पुढे सरका: खांब ते थिंबल, थिंबल ते फ्यूज, फ्यूजची दोन टोकं, स्विचची दोन टोकं. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत.

पायवाट
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याही गाडीत लिथियम बसवायची आहे. इंजिनाच्या आल्टर्नेटरवरून (वीजजनित्रावरून) साध्या रिलेने (आपोआप जुळणाऱ्या-तुटणाऱ्या स्विचने) चार्ज केली तर चालत नाही का? पूर्वीच्या लेड-ॲसिडला तोच होता आणि वर्षानुवर्षं चालला.

रानवाट
लेड-ॲसिडला चालला कारण ती भरत आली की आपणहून कमी प्रवाह घेते. लिथियम जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढं ओढत राहते. गाडी उभी आणि इंजिन आयडलवर असेल तर आल्टर्नेटरचा पंखा हळू फिरतो आणि मागणी मात्र पूर्ण असते. गुंडाळी तापून जळते. त्यात बीएमएसने मध्येच बॅटरी तोडली तर आल्टर्नेटरच्या व्होल्टेजला अचानक आधार राहत नाही, ते उसळतं आणि डायोड जातात. शिवाय नव्या गाड्यांत इंधन वाचवायला आल्टर्नेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, तेव्हा रिले उघडून बसतो आणि चार्जिंगच होत नाही.

आल्टर्नेटर आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर घ्या. ३० अँपिअरचा पुरेसा आहे, दोन तास गाडी चालली की ६० एएच आत. आणि त्या वायरीच्या दोन्ही टोकांना फ्यूज लावा. बहुतेक जण एकच लावतात. या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, ती मधेच घासून बॉडीला टेकली तर दोन्हीकडून प्रवाह येतो.

थंड भागात जाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. शून्य अंशाखाली लिथियम आयर्न फॉस्फेट चार्ज करायची नाही. लिथियम ॲनोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. त्या थंडीत वीज काढायला हरकत नसते, फक्त भरायची नाही. बीएमएसमध्ये थंडीचा कटऑफ आहे का, ते घेण्याआधी विचारा. बॅटरी शक्यतो गाडीच्या उबदार भागात ठेवा, खाली चासीला लटकवू नका.

दिवेलागण
लिथियमचं सगळं मान्य, पण लेड-ॲसिड टाकाऊ झाली असं नव्या लोकांनी समजू नये म्हणून लिहिते. १८५९ मध्ये गॅस्टन प्लांतेने केलेली ही रचना आजही बहुतेक गाड्यांचं इंजिन सुरू करते. महिन्यातून एकदा दोन दिवस फिरणारा, रात्री कॅम्पसाइटच्या प्लगवर गाडी लावणारा माणूस असेल तर एक चांगली एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) त्याला पुरते, आणि शून्याखाली चार्जही होते.

तिच्या मर्यादा मात्र ठाऊक हव्यात. निम्म्याहून जास्त काढली की आयुष्य भराभर घटतं, म्हणजे १०० एएचची हातात पन्नासच. भार मोठा असेल तर तेवढेही नाहीत, कारण प्रवाह वाढला की तिची क्षमताच कमी होते. पॉयकर्टने १८९७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. किटलीसारख्या भारासाठी मी ती कधीच सुचवणार नाही. वजन लिथियमच्या दुपटीहून जास्त. आणि पाणी घालायची उघडी लेड-ॲसिड असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तिची पेटी बाहेर वायुवीजन असलेलीच हवी. झोपायच्या जागेखाली तशी बॅटरी ठेवलेली मी दोन गाड्यांत पाहिलीय, आणि दोन्ही वेळा मालकाला हात धरून दाखवलंय.

फिरतं घर
सापडलं!

मेन स्विचच्या इन्व्हर्टरकडच्या बोल्टवर एका जोडात ०.८८ व्होल्ट. फ्यूज काढून, सगळं बंद करून नट सोडवला. थिंबलवरची लाल स्लीव्ह एका बाजूने तपकिरी पडून चुरगळलेली होती. ती वरून दिसत नव्हती, भिंतीकडची बाजू होती. थिंबल काढलं तर त्याच्या खाली, म्हणजे थिंबल आणि स्विचची तांब्याची चकती यांच्या मध्ये, एक स्टेनलेसचा वॉशर. त्याच्यावर निळसर-जांभळी झाक आलेली. थिंबलची कल्हई तेवढ्याच गोलात काळी. तो वॉशर मीच घातला होता. बोल्ट थोडा लांब वाटला, नट घट्ट बसेना, म्हणून "खाली एक टाकू या" असं म्हटल्याचं मला लख्ख आठवतंय.

जुनी तार
हाच. स्टेनलेसचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट असतो, आणि वॉशरचा पृष्ठभाग कडक आणि किंचित फुगीर असल्याने दोन्ही बाजूंना तो थोड्याच बिंदूंवर टेकतो. बोल्ट आणि नट वीज वाहून नेण्यासाठी नसतात, ते फक्त दाबतात. वीज थिंबलच्या सपाट तळातून स्विचच्या सपाट चकतीत जायला हवी, मध्ये काहीही नको. क्रम असा: चकती, थिंबल, साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. एका बोल्टवर दोन-तीन थिंबल असतील तर सगळ्यात जास्त प्रवाहाचं सगळ्यात खाली.

०.९ व्होल्ट गुणिले १२० अँपिअर, म्हणजे १०८ वॅट त्या नाण्याएवढ्या जागेत. सोल्डरिंगची इस्त्री चाळीस-साठ वॅटची असते. तुमची किटली आठ-दहा सेकंदांत बंद पडत होती म्हणून स्लीव्हवरच निभावलं. तो इन्व्हर्टर थोडा कमी व्होल्टेजला कटऑफ होणारा असता, तर पाणी उकळेपर्यंत सहा-सात मिनिटं हा जोड तापला असता, भिंतीच्या लाकडाला टेकून.

ते थिंबल आता वापरू नका, कापून टाका. आणि शक्य असेल तर वायर जाड करण्यापेक्षा इन्व्हर्टरच बॅटरीजवळ आणा. एसीची वायर लांब नेणं सोपं आणि स्वस्त, सव्वापाच अँपिअरच तर वाहायचेत. डीसीची वायर जेवढी आखूड तेवढी बरी. २००० वॅट पूर्ण वापरायचे तर डीसी बाजूला १८५ अँपिअर होतात, त्यावर पंचवीस टक्के सोडून २५० चा फ्यूज, आणि त्या फ्यूजला साजेशी ७० स्क्वेअरची वायर. थिंबल षटकोनी डायच्या हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं थिंबल ओढून पाहिलं तर निघत नाही, पण तारांमध्ये हवा राहिलेली असते.

उन्हाची तिरीप
पॅनेल अजून जोडलेली नाहीत म्हणालात, म्हणून वेळेवर लिहिते. कंट्रोलरला (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणाऱ्या यंत्राला) आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. उलट केलं तर कंट्रोलरला बॅटरीचं व्होल्टेज कळायच्या आत पॅनेलचं पूर्ण व्होल्टेज त्याच्यावर येतं, आणि काही कंट्रोलर त्यात जातात.

पॅनेल सिरीजमध्ये (एकापाठोपाठ) की पॅरलल, हे ठरवण्याआधी त्यांच्या मागे छापलेलं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) वाचा. समजा ते ४५ आहे. सिरीजमध्ये ९० झाले, कंट्रोलर १०० व्होल्टचा, म्हणजे चालेलसं वाटतं. पण तो आकडा २५ अंशाचा असतो आणि थंडीत अंशागणिक साधारण ०.३ टक्के चढतो. उणे ५ अंशांच्या स्वच्छ सकाळी ते ९८ होईल. मी तिथे पॅरलल करीन किंवा १५० चा कंट्रोलर घेईन. झाडाखाली गाडी लावायची सवय असेल तर तसंही पॅरललच बरं, एका पॅनेलवर सावली पडली तरी दुसरं आपलं काम करत राहतं. छतावर सपाट ठेवलेल्या ४०० वॅटकडून पूर्ण ४०० ची अपेक्षा ठेवू नका, भर दुपारी तीनशेच्या आसपास दिसले तरी पुष्कळ.

आणि वापराची वही मांडलीत का? नुसती यंत्रांवर छापलेली वॅटची बेरीज नव्हे, तासांसह. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून २५६० वॅट-तास. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेत असेल आणि दिवसाचा चाळीस टक्के वेळ चालत असेल, तर ४३० वॅट-तास झाले. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलेलं नसलं, तरी २० वॅटच्या हिशोबाने दिवसाला ४८०. फ्रिजपेक्षा जास्त! लोक पॅनेल वाढवत राहतात आणि इन्व्हर्टरचं बटण मात्र रात्रभर चालूच असतं.

फिरतं घर
सगळं उलगडून पुन्हा बसवायला दहा दिवस लागले. इन्व्हर्टर आता बाकड्याशेजारी, वायर १ मीटर, ७० स्क्वेअर, क्लास टी फ्यूज. बॅटऱ्या वेगवेगळ्या भरून तिरक्या जोडल्या. किटली चालू असताना बॅटरीवर १२.९, इन्व्हर्टरवर १२.७, प्रवाह १०५ अँपिअर. पाणी पूर्ण उकळलं. उकळेपर्यंत प्रत्येक जोडावर उलटा हात धरून पाहिला, कुठेही कोमटसुद्धा नाही.

वहीही मांडली. इन्व्हर्टर रिकामा असताना डीसी बाजूला २२ वॅट दिसले. लॅपटॉप आणि फोन आता थेट १२ व्होल्टवरून चार्ज होतात, इन्व्हर्टर फक्त किटलीपुरता. एक गंमत विचारायची राहिली: नवीन वायर जोडताना शेवटच्या खांबाला टेकवली तशी मोठी ठिणगी उडाली. हे ठीक आहे ना?

जुनी तार
ती इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची भूक आहे. ते रिकामे असतात आणि क्षणात भरतात. बिघाड नाही, पण खांबाला खळगे पडतात आणि कधीकधी बीएमएस शॉर्ट समजून तोडतो. पुढच्या वेळी मुख्य वायर टेकवण्याआधी २५-३० ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर दोन टोकांमध्ये काही सेकंद धरा, मग जोडा. ठिणगी उडणार नाही.

आता एसी बाजू. सॉकेटच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावलीय का, आणि इन्व्हर्टरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं आहे का?

फिरतं घर
आरसीसीबी आहे. टेस्ट बटण दाबलं की लगेच पडते, म्हणून मी निश्चिंत होते. न्यूट्रल-अर्थचं मात्र माहीत नाही.

जुनी तार
टेस्ट बटणाने ती पडणारच. ते बटण आतल्या आत एका रेझिस्टरने फेज आणि न्यूट्रल यांच्यात असमतोल दाखवतं, अर्थशी त्याचा संबंध नसतो. इन्व्हर्टरचं न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेलं नसेल, तर किटलीची फेज तिच्या धातूच्या अंगाला लागली तरी प्रवाहाला परतीची वाट नसते, आणि आरसीसीबीला काही कळत नाही. दुसऱ्या कुठल्या बिघाडाने न्यूट्रल कधी बॉडीला टेकलं, तर मग आधीच जिवंत असलेली ती किटली धोक्याची.

पण म्हणून स्वतःहून वायर टाकून जोडू नका. कॅम्पसाइटच्या प्लगवर गाडी असते तेव्हा तो जोड त्यांच्या बाजूला असतो, आणि एका वेळी दोन जोड असता कामा नयेत. काही इन्व्हर्टरमध्ये हे काम आतला रिले आपोआप करतो, काहींमध्ये आतली पट्टी हलवावी लागते, आणि काहींमध्ये जोडायचंच नसतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत अर्थिंगचं पान बघा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. इन्व्हर्टरचं अंग, चासी आणि सॉकेटची अर्थपिन एकमेकांना जोडलेली आहेत हेही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

फिरतं घर
पुस्तिका काढली. माझ्या मॉडेलमध्ये रिले नाही, आतली पट्टी आहे, आणि कारखान्यातून ती सुटीच येते. म्हणजे इतके दिवस आरसीसीबी नुसती शोभेची होती. इलेक्ट्रिशियनला शनिवारी बोलावलंय. तोवर इन्व्हर्टरच्या सॉकेटला टेप लावून ठेवलाय, पाणी गॅसवर तापवतेय. शनिवारचं मोजमाप इथेच लिहीन.